रायफल चांगली, पण ऊसाच्या फडासाठी नव्हे



यंदा गटागटांत, चिटबॉयच्या टेबलापासून वजनकाट्याच्या रांगेपर्यंत, एकच विषय ऐकू येतो आहे. रानडुकरांनी ऊस लोळवला, रोह्यांनी कोवळी लागण खाल्ली, आता बंदुकीशिवाय इलाज नाही. कुणी म्हणतो कारखान्याने शिफारसपत्र द्यावे, कुणी म्हणतो कर्ज काढून द्यावे. आणि सगळ्यांच्या तोंडी नाव एकाच वस्तूचे, ती म्हणजे सरकारी कारखान्याची नवी शिकारी रायफल, तीस-झिरो-सहा बोअरची. परवा एका तरुण सभासदाने मला सरळच विचारले, "काकाजी, तुमी त शिकारी माणूस. सांगा, घेऊ का नको? डुकरं पयतीन का नाही?"

१९७२ च्या कायद्याआधी परवाना काढून ज्यांनी शिकार केली त्या पिढीतला मी आहे, आणि बारा बोअरची बंदूक आजही माझ्या नावावर आहे. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो. माझे मत पहिल्याच परिच्छेदांत सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढचे वाचायला सवड नाही त्यांचाही खोळंबा नको. रायफल चांगली आहे. पण ती आपल्या ऊसाच्या फडात एकेकट्या सभासदाच्या हातात असू नये. का, ते आता पायरीपायरीने सांगतो.

आधी वस्तू काय आहे ते समजून घेऊ

आपल्या देशात साध्या माणसाला मिळणारी जुनी शिकारी रायफल म्हणजे 'तीनशे पंधरा'. तिचा जन्म कसा झाला हे पुष्कळांना ठाऊक नाही. इंग्रजांच्या फौजेची रायफल .३०३ बोअरची. तेच काडतूस लोकांच्या हाती गेले तर उद्या ते आपल्यावरच उलटेल अशी गोऱ्या सरकारला धास्ती. म्हणून खाजगी माणसाला लष्करी बोअर बंद. मग इंग्लंडातल्या बीएसए कंपनीने हिंदुस्थानच्या बाजारासाठी तोच सांगाडा ठेवून वेगळ्या काडतुसाची रायफल काढली. काडतूस ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिकर रायफलचे, आठ मिलिमीटरचे, म्हणजे इंचाच्या हिशेबात .३१५. स्वातंत्र्यानंतर बंगालातल्या इच्छापूरच्या सरकारी रायफल फॅक्टरीने हाच माल चालू ठेवला आणि तीनशे पंधरा गावोगावच्या परवानेदारांच्या घरी पोचली.

तीस-झिरो-सहा हे त्या मानाने आपल्याकडचे नवे पाहुणे. नावाचा अर्थ साधा आहे. .३० इंच बोअर आणि १९०६ साल, ज्या वर्षी अमेरिकेच्या फौजेने हे काडतूस स्वीकारले. म्हणजे काडतूस शंभर वर्षांहून जुने, पण आपल्या सरकारी कारखान्याची त्या बोअरची स्पोर्टिंग रायफल मात्र अलीकडची. इथे एक खुलासा करतो, कारण जुन्या सवयीने आपण अजून 'ऑर्डनन्स बोर्डाची बंदूक' म्हणतो. ते बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ पासून राहिलेले नाही. त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. इच्छापूरचा कारखाना कानपूरच्या कंपनीकडे गेला, खडकी आणि वरणगावचे दारूगोळ्याचे कारखाने पुण्याच्या कंपनीकडे गेले, आणि आपला अंबाझरीचा कारखाना ज्या यंत्र इंडिया कंपनीत गेला तिचे मुख्यालय तर नागपुरातच आहे.

आता दोन्हींत फरक काय? तीनशे पंधराची गोळी जड, २४४ ग्रेनची, म्हणजे जवळजवळ १६ ग्रॅम, पण चालीने संथ. तीस-झिरो-सहाची नेहमीची गोळी १५० ते १८० ग्रेन, म्हणजे १० ते साडेअकरा ग्रॅमच्या आसपास, पण वेग सेकंदाला ८०० मीटरच्या वर. जड बैलाची गाडी आणि हलक्या घोड्याचा टांगा, असा हा फरक आहे. वेग जास्त म्हणून गोळी सरळ जाते, लांबवर खाली झुकत नाही, आणि दोनशे मीटरवरही नेम धरायला फार हिशेब करावा लागत नाही. धक्का खांद्याला बसतो, पण सवयीच्या माणसाला सोसवतो. बोल्ट हाताने ओढायचा, एक गोळी गेली की दुसरी भरायची, ही पद्धत शिकारीसाठी मला आजही सर्वांत भरवशाची वाटते. यंत्र जितके साधे तितके ते ऐन वेळी अडत नाही. हे आपल्या पाण्याच्या इंजिनालाही लागू आणि बंदुकीलाही.

तेव्हा हत्यार म्हणून विचाराल तर माझे मत अनुकूल आहे. डुक्कर असो की रोही, एका गोळीत, न तडफडता पडावा एवढी ताकद तिच्यात आहे, आणि ही गोष्ट लहान नाही. जखमी करून सोडून देण्यापेक्षा न मारलेले बरे, हा शिकाऱ्याचा पहिला धर्म. मात्र एवढेही सांगतो की बोअर मोठे म्हणजे शिकारी मोठा असे नसते. जिम कॉर्बेटने १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, त्याबद्दल त्याला जी रिग्बी रायफल भेट मिळाली ती .२७५ बोअरची, म्हणजे या दोन्हींपेक्षा बारीक. तीच पुढे त्याच्या हाती वर्षानुवर्षे राहिली. नेम नळीत नसतो, माणसात असतो.

मग नको का म्हणतो?

पहिले कारण कायद्याचे. आपल्यातले बहुतेक जण समजतात की पीक संरक्षणासाठी रायफलचा परवाना हक्काने मिळतो. तसे नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम १३ नीट वाचा. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी त्यात नाव आहे ते ठासणीच्या बंदुकीचे, आपण जिला भरमार म्हणतो तिचे. भरमारने भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसरी बंदूक देता येते, पण तीही गुळगुळीत नळीचीच. रायफलच्या नळीत आतून पीळ असतो, त्या पिळाने गोळी फिरत जाते, आणि तेवढ्यानेच ती या कलमाच्या बाहेर पडते. म्हणजे 'पीक संरक्षण' असे कारण लिहून रायफलचा अर्ज केला तर तो अर्ज मुळातच लंगडा. कारखान्याच्या शिफारसपत्राने तो धावायला लागणार नाही. त्यात २०१६ च्या नियमांप्रमाणे शस्त्र हाताळण्याचे सुरक्षा प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. ज्यांच्या घरी वडिलार्जित बंदूक आहे त्यांनी हाही हिशेब करावा.

दुसरे, शिकारी रायफल म्हणून विकत घ्यायची तर शिकार कशाची? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीला लगाम घातला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची हौशी शिकार संपलीच. आमच्या तरुणपणी जंगलाचे ब्लॉक ठरवून शिकारीचे परमिट मिळत असे. तो काळ गेला तो गेला, आणि जंगलाची तेव्हा जी धूळधाण चालली होती ती डोळ्यांनी पाहिल्यावर तो गेला याचे मला दुःख नाही. आज कायद्यात एकच फट आहे. उभ्या पिकाला किंवा माणसाला धोका करणारे जनावर मारण्याची परवानगी कलम ११ खाली वन अधिकारी देऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली निर्णय काढून रोही व रानडुक्कर यांच्या बाबतीत हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणला. चांगले झाले. पण परवानगी लेखी, ठरावीक जागेची, ठरावीक जनावराची. मारलेले जनावर कायद्याने सरकारची मालमत्ता, त्याचा पंचनामा व्हायचा आणि वनखात्याच्या देखरेखीत विल्हेवाट लागायची. 'डुक्कर मारले आणि चार घरी वाटे गेले' हे आता चालत नाही, आणि असे वाटे करणारा अख्ख्या गावाला अडकवतो.

तिसरे कारण मला सर्वांत मोठे वाटते. ते आहे माणसांच्या जिवाचे. तीस-झिरो-सहाची गोळी पहिल्या एका सेकंदात अर्ध्या किलोमीटरच्या पुढे जाते. नळी जरा वर उचलली गेली तर तीन-चार किलोमीटरवर जाऊन पडू शकते. आपला मुलूख कसा आहे? मौदा, रामटेक, पारशिवनीचा पेंचच्या कालव्याखालचा पट्टा घ्या, की कुही-भिवापूरकडचा. जमीन सपाट, एका वावराला लागून दुसरे वावर, मधे फक्त धुरा. डोंगराचा उतार नाही की मातीची भिंत नाही, जिच्यात चुकलेली गोळी रुतून बसेल. आणि डुकरे येतात रात्री. रात्री आपल्या शेतात कोण असतो? शेतीची वीज रात्रीची असली की पाणी द्यायला निघालेला सालदार. जागलीला गेलेला म्हातारा बाप. ऊसतोड टोळीच्या कोप्या, त्यांत झोपलेली लेकरे. पहाटे अंधारातच मोळ्या भरायला लागलेल्या बाया. ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग. शिकाऱ्याला आम्ही शिकवत असू की जनावरापेक्षा जनावराच्या मागे काय आहे ते आधी पाहा. ऊसाच्या फडात मागे काय आहे हे दिवसा दिसत नाही, रात्री काय दिसणार?

बारा बोअरच्या बंदुकीचे गणित वेगळे. एका पौंडात शिशाच्या बारा गोळ्या बसतात, तशा एका गोळीच्या मापाची नळी ती बारा बोअर. तिच्यातला एल.जी. छर्रा, औंसाला सहा दाणे, चाळीस पावलांपलीकडे भरवशाचा नाही. हीच तिची कमजोरी आणि आपल्यासारख्या दाट वस्तीच्या शेतीत हाच तिचा गुण. कायद्याने पीक संरक्षणासाठी गुळगुळीत नळी का ठेवली, याचे मला सुचणारे उत्तर हेच.

चौथे कारण ऊसाचेच. ऊस हे कापसासारखे किंवा सोयाबीनसारखे पीक नव्हे. दहा-बारा महिन्यांचा ऊस म्हणजे जंगलच. लोळलेल्या आडव्या ऊसात दोन हातांवरचे दिसत नाही. लांब पल्ल्याची रायफल तिथे म्हणजे विहिरीत पोहायला होडी. गोळी लागली आणि डुक्कर न पडता फडात घुसले, तर दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन त्या फडात उतरणाऱ्या मजुराचे काय? जखमी नर डुकराचे सुळे मांडी कशी फाडतात ते ज्याने पाहिले आहे तो असा धोका दुसऱ्याच्या माथी मारणार नाही. आणि फडात डुक्करच असेल हे तरी कशावरून? जुन्नर भागात बिबट्याची मादी ऊसातच पिल्ले घालते हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाले आहे. आपल्या भोवती पेंच आहे, बोर आहे, २०१२ साली झालेले उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य आहे. डुकराच्या मागे वाघ येतो, कारण डुक्कर त्याचे खाद्य आहे. अंधारात हलणाऱ्या पाचटावर झाडलेली गोळी वाघाला लागली तर परवाना, रायफल आणि शेतकरी, तिन्ही गेले म्हणून समजा. यवतमाळ जिल्ह्यात २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री टी-१ वाघीण, जिला अवनी म्हणतात, मारली गेली. तिथे वनखात्याचा हुकूम होता, बोलावलेले नेमबाज होते, तरी त्या एका गोळीचा वाद वर्षानुवर्षे चालला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मग आपल्या अंदाजाने झाडलेल्या गोळीची काय कथा?

पाचवे, डुकराचे गणित. डुकरीण चार महिन्यांच्या आत विते आणि एका वेताला चार-सहा पिल्ले सहज देते. वर्षातून एकदोन डुकरे मारून कळप आटत नाही. एक पडले की कळप दोन दिवस शेजारच्याच्या फडात जातो आणि मग परत येतो. म्हणजे माझी रायफल माझे डुक्कर तुमच्या वावरात पाठवते, आणि तुमची रायफल ते माझ्याकडे. दोघांचेही पैसे गेले, फायदा दुकानदाराचा. रोग रेड्याला अन् औषध पखालीला, म्हणतात ते हेच.

"पण काकाजी, परदेशात तर मारतातच ना?"

हो, मारतात, आणि रायफलनेच मारतात. जर्मनीचे उदाहरण घ्या. तिथेही रानडुकरांनी मक्याचा धुव्वा उडवलेला असतो. पण तिथे रायफलच्या मागे एक व्यवस्था उभी आहे. शिकाऱ्याला कठीण परीक्षा द्यावी लागते. गावची शिकारीची हद्द ठरलेली असते आणि ती भाड्याने घेणारा शिकारी साधारणपणे पिकाच्या नुकसानीचीही भरपाई देतो. म्हणजे मारायचा हक्क ज्याचा, भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर. शिकारी उंच लाकडी मचाणावर बसतो, त्यामुळे गोळी वरून खाली जाते आणि चुकली तरी मातीत रुतते. मक्याच्या शेतात आधीच मोकळ्या पट्ट्या ठेवतात, म्हणजे जनावर उघड्यावर आल्याशिवाय गोळी सुटत नाही. आपण त्यांची रायफल तेवढी आणणार आणि मचाण, पट्टी, परीक्षा, भरपाई हे सगळे तिथेच ठेवून येणार. हे म्हणजे गव्हाणी आणली आणि बॉयलर आणलाच नाही. असल्या कारखान्यातून साखर कशी निघेल?

आपल्याच देशात केरळने बरी वाट दाखवली आहे. तिथे मे २०२२ मध्ये सरकारने पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरांबाबत हुकूम देण्याचा अधिकार ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना दिला, आणि मारण्याचे काम परवानेदार नेमबाजांच्या यादीतून होते. म्हणजे प्रत्येकाच्या घरी रायफल नव्हे, तर थोड्या जाणत्या हातांत बंदूक, आणि तीही हुकमाखाली.

मग आपण काय करायचे?

नुसते 'नको' म्हणून मी थांबत नाही. रात्रभर जागून सकाळी लोळलेला फड पाहणाऱ्या माणसाला उपदेश पुरत नाही, हे मला कळते. डुक्कर टिपरी बुडातून चावते, रस चघळते, चोथा टाकते. खाते थोडे, मोडते फार. मोडलेला ऊस वाळतो, आंबतो. वजन घटते ते सभासदाचे, उतारा घटतो तो कारखान्याचा. तेव्हा हा प्रश्न एकट्या सभासदाचा नाही, कारखान्याचाही आहे. म्हणून माझ्या पाच सूचना.

एक. जंगलकाठच्या गटांचा तोडणी कार्यक्रम वेगळा लावावा. आज लागण तारखेप्रमाणे तोड मिळते, आणि नियम म्हणून ते न्याय्य आहे. पण त्यामुळे जंगलाच्या कडेला एखादाच फड उभा राहतो आणि आजूबाजूची सगळी जनावरे त्या एकात कोंडतात. शेतकी खात्याने अशा गटातले लागून असलेले फड एका टोळीकडून सलग तोडावेत. याने गावाजवळच्या काही सभासदांना आठ-दहा दिवस थांबावे लागेल. ते थांबायला तयार आहेत का, हा खरा प्रश्न आहे, आणि तो आमसभेत उघडपणे विचारला पाहिजे. रायफल मागणे सोपे आहे, शेजाऱ्यासाठी आठ दिवस थांबणे अवघड आहे. पण सहकार म्हणजे दुसरे काय असते?

दोन. तोड नेहमी गावाकडून जंगलाकडे न्यावी. म्हणजे फडात दडलेल्या जनावराला पळायला वाट राहते. चारही बाजूंनी कापत मधे तुकडा ठेवायचा ही पद्धत माणसांच्या जिवावर बेतते. शेवटचा पट्टा अंधार पडायच्या वेळी तोडायला घेऊ नये. मुकादमांना हे हंगामाच्या पहिल्याच बैठकीत सांगावे.

तीन. कुंपण सौर ऊर्जेचे करावे, आणि ते एकेकट्याने नव्हे, तर पंचवीस-तीस सभासदांनी मिळून. त्यातला झटका क्षणभराचा असतो, जनावर दचकते पण मरत नाही. जंगलालगतच्या गावांसाठी शासनाची डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना २०१५ पासून आहे आणि अशा कुंपणाला तिच्यातून अनुदान मिळत आले आहे. एकेका वावराला कुंपण घातले तर डुक्कर वळसा घालून शेजारी जाते. अख्ख्या शिवाराला घातले तर ते जंगलाकडे वळते. दहांची काठी, एकाचे ओझे.

इथे एक गोष्ट कडक शब्दांत सांगितली पाहिजे. खांबावर आकडा टाकून तारेत थेट करंट सोडण्याचा प्रकार आपल्या जिल्ह्यात चालतो, हे सर्वांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. त्या तारेने डुक्कर मरते तसा वाघ मरतो, आणि तसाच शेजारचा माणूसही मरतो. वीजचोरीचा गुन्हा वेगळा आणि सदोष मनुष्यवधाचा वेगळा. रायफल निदान कुणीतरी माणूस झाडतो, त्याला डोळे असतात. तारेला डोळे नसतात. असा करंट सोडणाऱ्या सभासदाला कारखान्याने कोणत्याही प्रकारे पाठीशी घालू नये.

चार. बंदूक लागलीच तर ती केरळच्या वाटेने यावी. तालुक्यात ज्यांच्याकडे परवाना आहे आणि ज्यांचा हात बसलेला आहे अशा माणसांची यादी वनखात्याच्या संमतीने करावी. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याचा लेखी हुकूम, जागेवर वनरक्षक हजर, मचाण बांधलेले, गोळी वरून खाली, आणि त्या रात्री आजूबाजूच्या शेतांत कुणी नाही याची आधी दवंडी. एवढे सगळे जमले तर तीस-झिरो-सहाला तिथे जागा आहे, आणि त्या जागी तिच्यापेक्षा बरे हत्यार मला तरी सुचत नाही. यादीतल्या माणसाच्या काडतुसांचा आणि जाण्यायेण्याचा खर्च कारखान्याने सोसावा. टनामागे अगदी थोडी कपात झाली तरी कुणाची ना नसावी.

पाच. भरपाईचा कागद वेळेवर करावा. नुकसान झाले की आपण दोन दिवस शिव्या देतो, तिसऱ्या दिवशी नांगर फिरवतो आणि पंचनाम्याला कुणी आला तर दाखवायला काही उरत नाही. वनखात्याकडे अर्ज, फोटो, सातबारा, हे लगेच गेले पाहिजे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले आहे की २०२६ च्या खरिपापासून पीक विमा योजनेत वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीचाही समावेश होईल, आणि त्यासाठी ७२ तासांच्या आत मोबाईलवरून फोटोसह खबर द्यावी लागेल. त्या यादीत ऊसाचेही नाव यावे म्हणून आपल्या संचालक मंडळाने ठराव करून शासनाकडे पाठवावा. आपण सभासदांनी कारखान्यामार्फत जोर लावायचा तो शिफारसपत्रासाठी नव्हे, अशा ठरावासाठी.

ज्या तरुणाने मला विचारले त्याला मी हेच सांगितले. तुला रायफलची हौस असेल तर रायफल क्लबात नाव घाल, लक्ष्यावर नेमबाजी शिक, मी स्वतः तुझ्याबरोबर येईन. हात बसला की उद्याच्या यादीत तुझेही नाव असेल. पण ऊस वाचवायला रायफल घेत असशील तर ते पैसे कुंपणाच्या वर्गणीत दे. तो म्हणाला, "म्हणजे मी एकट्यानं काही करायचंच नाही का?" मी म्हटले, "बापू, ऊस तरी तू एकट्यानं कुठे गाळतोस?"

संचालक मंडळाला विनंती की येत्या आमसभेच्या विषयपत्रिकेत तोडणी कार्यक्रमाचा आणि सामुदायिक कुंपणाचा विषय घ्यावा. आणि सभासदांना विनंती की त्या दिवशी जेवणाच्या पंगतीपुरते न येता विषयाला हजर राहावे, हात वर करावा, विरोध असेल तर तोही उभे राहून बोलून दाखवावा.

— जंगलकाठच्या गटातील एक ऊस उत्पादक सभासद